व्हॅनचा व्ह, व्हेलचा व्ह

गेल्या गुरुवारी माझा इंग्रजीचा क्लास सुटल्यावर एका मुलीची आई बूट ठेवतात तिथं, गेनकानमध्ये रेंगाळली. इथं जपानमध्ये कुणी रेंगाळलं की समजावं, काहीतरी आहे. वाकून झालं, थंडीवर बोलून झालं, यंदा एन्शूचा, म्हणजे आमच्या भागातला, कोरडा वारा फारच बोचतोय हेही झालं. मग त्या हळूच म्हणाल्या, "सेन्सेइ," म्हणजे बाई, "माझंच ऐकण्यात चुकत असेल, पण हिच्या तोंडी हल्ली व्हॅन आणि व्हेल सारखेच सुरू होतात."

व्हेल म्हणजे देवमासा. आणि या बाई तीन वर्षं अमेरिकेत राहून आलेल्या.

"बघते हं," म्हणाले आणि सायकल काढली. वारा असूनही कानशिलं तापली होती.

हामामात्सूत आम्हाला चौथं वर्ष. नवऱ्याच्या नोकरीमागे आले, व्हिसा डिपेंडंट, त्यामुळे आठवड्याला 28 तासांच्या वर काम करता येत नाही. दोन खोल्यांची शाळा, सत्तरीच्या मालकीणबाई, एका वर्गात सहा-सात मुलं. 2020 पासून इथल्या सरकारी शाळांत पाचवीला इंग्रजी रीतसर विषय झाला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! मीही कराडच्या मराठी शाळेत पाचवीलाच ए-बी-सी-डी गिरवली. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तोवर माझी पाचवी होऊन गेली होती. म्हणजे या पोरांची अडचण माझ्याइतकी कुणाला कळणार, असं मला वाटायचं.

त्यातून र आणि ल. जपानीत रा-री-रु-रे-रो एवढंच, त्यामुळे राइट आणि लाइट एकच. आपल्याकडे र, ल आणि वर ळ! शिवाय त्यांची आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना-हा-मा ही मांडणीसुद्धा संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून आलेली. हे मी मालकीणबाईंना दोनदा ऐकवलंय. दुसऱ्या वेळी त्या चहा ठेवायला उठल्या.

तर ती मुलगी. पाचवीतली, अबोल. उत्तराची खात्री नसेल तर ही मुलं हातच वर करत नाहीत. आमच्या वर्गात येत नसलं तरी "बाई मी, बाई मी" चालायचं. जपानीत व्ही नाही, म्हणून व्हॅनला ती 'बान' म्हणायची आणि व्हायोलिनला 'बाइओरिन'. तेही वाद्यं बनवणाऱ्या गावात राहून! महिनाभर मी तिच्या मागे लागले. वरचे दात खालच्या ओठावर टेकव, तोंडासमोर पंजा धर, हवा लागते का बघ. एक दिवस तिनं स्पष्ट "व्हॅन" म्हटलं. मी तिच्या वहीत दोन स्टिकर लावले.

पुढचं कार्ड देवमाशाचं. ती म्हणाली, "होएरु." मी लगेच अडवलं. होएरु नाही, व्हेल. दात कुठे? ओठ कुठे? गुणी पोर, तिनं सांगितलं तस्सं केलं.

घरी येऊन मोबाइलवर तो शब्द वीसेक वेळा ऐकला. दातांचा काही संबंधच नाही! नुसता ओठांचा चंबू. शेवटचा 'रु' सोडला तर तिची सुरुवात बरोबरच्या जवळ होती. मीच तिला ओढत कराडला नेलं.

आता खरं सांगायचं तर यात आपल्या लिहिण्याचाही दोष आहे. व्हॅन, व्हायोलिन, व्हेल, व्हील, व्हाइट, सगळ्यांना आपण एकच व्ह देतो. डोळ्यांना दिसतं तेच जिभेवर येणार. आणि अडलंय कुणाचं? आपली माणसं याच व्हवर जगभर ऑपरेशनं करतात, कंपन्या चालवतात. त्याच वर्गात एक ब्राझिलियन मुलगा आहे. 1990 मध्ये इमिग्रेशनचा कायदा बदलल्यावर इथल्या कारखान्यांत जी कुटुंबं आली, त्यांच्यातला. त्याचा व्ही झकास, पण रॅबिटला तो बेधडक 'हॅबिट' म्हणतो. त्याची आई कधी गेनकानमध्ये थांबलेली नाही.

तरी गुरुवारपासून आरशासमोर चंबू चालू आहे. नवऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, दात दुखतोय का.

रविवारी आईचा फोन आला. बोलता बोलता बहिणीच्या नव्या गाडीचा विषय निघाला. रंग कोणता घेतला, तर म्हणे व्हाइट.

"आई, व्हाइट नाही गं. वाइट."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आईचा आवाज एकदम बदलला, "वाईट? काय वाईट झालं? खरं सांग, तब्येत बरी आहे ना तुमची?"