बाण जमिनीवरही उमटले तेव्हा

उपग्रहाच्या दोन प्रतिमांवरून समुद्राच्या पृष्ठभागावरचे प्रवाह काढायचं काम हाती घेतलं, तेव्हा कस गणितात लागेल अशी माझी समजूत होती. गणित तर दोन दिवसांत बसलं. पद्धत जुनी आहे. विल्यम एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यासमोर वापरून दाखवली. पहिल्या उष्णता-प्रतिमेतला एक चौकोन उचलायचा, नंतरच्या प्रतिमेवर तो सरकवत न्यायचा आणि सहसंबंध, म्हणजे दोन्हींतला सारखेपणा, जिथे सर्वाधिक येईल तिथे ते पाणी पोचलं असं धरायचं. अंतराला वेळेने भागलं की वेग मिळतो. तो नकाशावर बाणाने दाखवायचा: बाणाची दिशा ती प्रवाहाची, लांबी ती वेगाची.

मी मेटॉप उपग्रहाच्या एव्हीएचआरआर संवेदकाच्या अवरक्त प्रतिमा घेतल्या. एक रात्री साडेनऊच्या सुमाराची, दुसरी सकाळी साडेनऊच्या सुमाराची. बारा तास मुद्दाम ठेवले, कारण दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीचं आवर्तन जवळपास तेवढंच असतं आणि तिची ये-जा बरीचशी आपोआप वजा होते. चौकोन २२ बाय २२ पिक्सेलचा. प्रवाह सेकंदाला एक मीटरच्या पुढे जाणार नाही असं धरून शोध चहूबाजूंना ४० पिक्सेलपर्यंत.

पहिलं चित्र फार देखणं आलं. सगळे बाण पूर्वेकडे झुकलेले. मग कोपऱ्याकडे नजर गेली. जमीन झाकायची राहून गेली होती, आणि तिच्यावरही बाण होते, तेही पूर्वेकडेच, सेकंदाला पाच सेंटिमीटर वेगाचे.

प्रतिमा एकमेकींवर नीट बसल्याच नव्हत्या. दोन पिक्सेलचा फरक. उपग्रहाच्या थेट खाली एक पिक्सेल १.१ किलोमीटरचा असतो, म्हणजे एका पिक्सेलच्या चुकीने बारा तासांत सेकंदाला अडीच सेंटिमीटरचा खोटा प्रवाह तयार होतो. खरा प्रवाहच दहा-पंधरा सेंटिमीटरचा असेल तर ही चूक चालवून घेता येत नाही. पुढचा आठवडा मी भूशिरं, बेटं आणि खाड्यांची तोंडं दोन्ही प्रतिमांत शोधून जुळवण्यात घालवला. सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा आठवडा तोच, असं मी आजही म्हणेन. जमीन आता मी कधीच आधी झाकत नाही. तिच्यावरचे बाण शून्य झाले की मगच समुद्राकडे वळते.

ढगांच्या विरळ कडांनीही फसवलं. ढगांचा मुखवटा, म्हणजे ढगाळ म्हणून वगळलेला भाग, दोन पिक्सेलने रुंद केला, शेजाऱ्यांशी न जुळणारे बाण काढले. जवळपास निम्मे गेले.

पण खरी अडचण उरलेल्या बाणांतच होती. गरम आणि थंड पाण्याच्या सीमेवर प्रवाह बहुधा त्या सीमेला समांतर धावतो, आणि समतापरेषेच्या, म्हणजे सारख्या तापमानाच्या रेषेच्या, लांबीने सरकणारं पाणी चित्रात हललेलं दिसतच नाही. जिथे वेग सर्वांत जास्त, नेमके तिथले बाण आखूड! चौकोनात सीमेचं एखादं वळण किंवा भोवरा आला की मात्र वेग पकडता येतो. म्हणून सरळ सीमेवरचे बाण मी काढून टाकले आणि तिथे उंचीमापक उपग्रहांनी मोजलेल्या समुद्रपातळीच्या उतारावरून काढलेले प्रवाह घेतले.

शेवटी त्या बारा तासांत तिथून गेलेल्या एका ड्रिफ्टरचा, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या तरंगत्या यंत्राचा, माग नकाशावर टाकला. दिशा जुळली, वेग माझा थोडा कमी आला. ड्रिफ्टरचा नांगरपडदा, म्हणजे त्याला पाण्याबरोबर ओढून नेणारा खाली लटकता पडदा, १५ मीटर खोलीवर असतो आणि अवरक्त संवेदकाला पाण्याची केवळ वरची त्वचा दिसते, त्यामुळे तंतोतंत जुळणीची अपेक्षा मी ठेवली नव्हती. ढगांखालच्या जागा नकाशावर तशाच रिकाम्या ठेवल्या आहेत.