वर्कबेंच अपडेट: फळ्या अजून सुकतायत

बेंचच्या पायांचं काम सध्या होल्डवर आहे, कारण सगळं लाकूड अजून थप्पीतच पडलंय. ड्रॉइंग अमेरिकन आहे आणि त्यात सगळीकडे टू बाय फोर (2 बाय 4 इंचाचं लाकूड) लिहिलंय. नवीन लोकांसाठी सांगतो, हा टू बाय फोर हातात घेऊन मोजला तर दीड बाय साडेतीन इंच भरतो, म्हणजे 38 बाय 89 मिमी. नाव कापतानाच्या ओबडधोबड मापाचं, मग सुकण्यात आणि रंधा मारण्यात बाकीचं जातं. मी ओल्या फळ्या घेतल्यात त्यामुळे ड्रॉइंगवरचं एकही माप आत्ता मार्क करत नाहीये.

थप्पी लावताना प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्यात, एकाखाली एक सरळ रेषेत, नाहीतर फळी बाक धरते. टोकांना जाड रंग फासलाय, कारण टोकातून पाणी भराभर जातं आणि तिथेच चिरा पडतात.

जाडीच्या दर इंचाला सुकायला एक वर्ष वगैरे हिशोब सगळे सांगतात पण तो अगदीच ढोबळ आहे, त्यापेक्षा वजनकाटा बरा. एका फळीच्या मधून (टोकाचा नको, तो आधीच सुकलेला असतो) छोटा तुकडा कापला, 62 ग्रॅम. ओव्हनमध्ये 103 डिग्रीला वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवला, 50 ग्रॅम. गेलेलं पाणी 12, भागिले सुकं वजन 50, म्हणजे 24 टक्के ओलावा. त्याच फळीचा उरलेला मोठा तुकडा तेव्हा 6.2 किलो होता, म्हणजे पूर्ण सुका 5 किलो धरायचा, आणि मला 12 टक्क्यांना काम सुरू करायचंय तर काट्यावर 5.6 दिसायला हवं. आता 5.8 आहे, म्हणजे 16 टक्के. ओलावा मोजायचा मीटर विकत घ्यायची गरजच पडली नाही.

साधारण 30 टक्क्यांच्या खाली आल्यावरच लाकूड आकसायला लागतं, आणि तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच नाही, पण खोडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणून टोकाला वर्तुळं उभी दिसतात त्या फळ्या वरच्या टॉपसाठी वेगळ्या काढल्यात, त्या रुंदीत कमी हलतात. आडव्या वर्तुळांच्या खालच्या शेल्फला चालतील, तिथे थोडी वाकली तरी कोण बघतंय.

5.6 दिसलं की आधी फक्त पायांचे तुकडे थोडे जाड ठेवून कापणार, चार दिवस तसेच सोडणार आणि मग फायनल रंधा. खाचा त्यानंतर.