प्रकरण सात अपडेट: पूर, व्हॉइस टायपिंग आणि कमल

मागच्या वेळी फुशारकी मारली होती ना, की आता रात्रीच्या फीडिंगला व्हॉइस टायपिंग करणार, मांडीवर बाळ आणि तोंडाने कादंबरी, तर ते सगळं मागे घेते. परवा रात्री पावणेतीन ते साडेतीन नाशिकच्या पुराचा अख्खा सीन बोलले, मनात म्हटलं जमलं बाई, आणि सकाळी उघडून बघते तर नऊशे शब्दांचा एकच लगदा, पूर्णविराम एकही नाही, मध्येच "ढेकर दे ना रे राजा" आणि अर्धी अंगाई.

खरी गोची कुजबुजण्याची आहे. नॉर्मल आवाजात बोललं की साहेब दूध सोडून माझ्याकडे टकामका बघत बसतात, आणि कुजबुजलं की फोन मनाला येईल ते ऐकतो. 'गोदाघाट'चं 'गोड घास', 'विसर्ग वाढला'चं 'विसर वाढला', 'सराफ बाजार'चा 'साफ बाजार' (पूर आल्यावर तेही खरंच म्हणा). आणि कहर म्हणजे 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी'चं (गोदाकाठची उंच मूर्ती, आमच्याकडे पूर तिच्यावरूनच मोजतात) 'मारुतीच्या कमलला पाणी'.

मग कॉलर माइक मागवला ऑनलाइन, साडेतीनशेला. क्लिप इतकी भिकार की दोनदा निसटून बाळाच्या गालावर पडली, लगेच परत पाठवला. मग वही. झीरोच्या बल्बमध्ये, डाव्या हातावर बाळ घेऊन, उशीला टेकून लिहायचं तर वही उभी धरावी लागते आणि जेल पेन तसं धरलं की चार शब्दांत सुकतं. शेवटी आईच्या किराण्याच्या यादीची शिसपेन्सिल घेतली. ती कशीही धरा, चालते! शंभर पेनं ओवाळून टाकावीत.

आता पद्धत अशी, की रात्री एका फीडिंगला एकच ओळ, जुन्या कॅलेंडरच्या मागे. "दुकानाचं शटर अर्धं, पाण्यात पितळी तांब्या तरंगतोय" एवढंच. आणि विस्तार सकाळी, कारण मालीशवाल्या मावशी अंघोळ घालून, धुरी देऊन गेल्या की तो सलग दीड तास झोपतो. इतके दिवस मीही तेव्हाच झोपायचे. आता दिवसाआड झोप आणि दिवसाआड कादंबरी. अडीच महिन्यांच्या लसीच्या डोसनंतर त्याला ताप आला त्यात दोन दिवस गेले, तरी या आठवड्यात ६४० शब्द!! डिलिव्हरीआधी एका बैठकीत व्हायचे एवढे, पण ते जाऊ दे.

ते ६४० बाबांना वाचायला दिले तर पहिल्याच पानावर चूक. सीन सप्टेंबर २००८ च्या पुराचा आहे, आणि बाबा म्हणाले, "अगं, नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी आलं म्हणजे मारुती केव्हाच बुडालेला असतो. तू आधी घंटेला पाणी लावलंस आणि मग मारुतीच्या गुडघ्याला!" नाशिकच्या मुलीने हे करावं! आधी पाय, मग गुडघे, कंबर, छाती, डोकं, अख्खं गाव पूर असाच मोजतं आणि मी लहानपणापासून बघतेय. झोप नसली की असं होतं, दुसरं काय. त्यामुळे ६४० मधले दोनेकशे पुन्हा लिहायचे.

पण हे टाइप करता करता ती कमल डोक्यातून जाईना. मारुतीची नाही, भांडी बाजारातली कमल. साठीची, नवरा गेल्यावर दुकान एकटीने चालवणारी, मारुतीच्या छातीला पाणी लागलं तरी "अजून वेळ आहे" म्हणत गल्ल्यावर बसून राहणारी. तो तरंगणारा तांब्या तिच्याच दुकानातला की! म्हणजे प्रकरण सात कमलपासून सुरू होणार, पूर आठव्यात ढकलते, आणि नायिकेचा भाऊ जो मला पहिल्यापासून फालतू वाटत होता तो सरळ कापते.

साडेतीन महिन्यांच्या डोसला पुन्हा दोन दिवस जाणार ते धरून चाललेय. त्याआधी कमलचं दुकान उघडून ठेवते, निदान शटर तरी वर करते.