आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर पडता का?

जपानमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीच्या आरोग्य तपासणीत रक्तदाब आणि साखर यांच्या जोडीला पंधरा प्रश्नांचा एक कागद असतो. एप्रिल २०२० पासून ही पद्धत सुरू झाली. वर्षभरात कधी पडलात का, चालण्याचा वेग मंदावला आहे का, चहा किंवा पातळ पदार्थ घेताना ठसका लागतो का, सहा महिन्यांपूर्वीच्या तुलनेत कडक पदार्थ चावणे जड जाते का, हे प्रश्न कोणत्याही डॉक्टरांच्या तोंडी शोभतील असेच आहेत. परंतु त्याच कागदावर, त्याच गांभीर्याने, आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर पडता का, घरच्यांशी व मित्रांशी नेहमीचे येणे-जाणे आहे का, आणि तब्येत बिघडल्यास सल्ला विचारावा असे जवळचे कोणी आहे का, हेही विचारलेले असते. यजमानांच्या औषध कंपनीतील नोकरीमुळे आम्ही तोयामा या शहरात राहतो. शेजारच्या आजींना हा कागद भरताना पाहिले, तेव्हा नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहणाऱ्या माझ्या सासू-सासऱ्यांना हे प्रश्न आजवर कोणीच विचारलेले नाहीत, हे माझ्या लक्षात आले.

या प्रश्नांमागे सरळ वैद्यकीय विचार आहे. धडधाकट असणे आणि परावलंबी होणे यांच्या मध्ये अशक्तपणाची एक अवस्था असते, आणि वेळीच लक्ष दिले तर तिथून माणूस बऱ्याच अंशी मागे फिरू शकतो. जपानच्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये ही कल्पना लोकांपुढे मांडली आणि आहार, व्यायाम व माणसांतला वावर या तिन्ही गोष्टींवर सारखाच भर दिला जाऊ लागला. यांतला वावर कमी झाला की बाकीच्या दोन्ही गोष्टींना उतरती कळा लागते. ज्याला कुठे जायचेच नाही तो दोन वेळा नीट जेवत नाही, कमी खाल्ल्याने आणि बसून राहिल्याने स्नायू झिजतात, स्नायू झिजले की तोल जातो, आणि एकदा पडल्यावर बसलेली धास्ती त्याला उंबऱ्याच्या आतच ठेवते. आपल्याकडे या सगळ्याला ‘आता वय झालं’ एवढे म्हणून मोकळे होतात.

अर्थात, बाहेर पडता का असे विचारायचे असेल तर बाहेर पडण्याजोगे शहरही द्यावे लागते, आणि तोयामाचे मला विशेष वाटते ते इथे. हे शहर चांगलेच पसरलेले आहे. मोटार चालवणे थांबले की म्हातारी माणसे घरात अडकत. २००२ ते २०२१ या काळात महापौर असलेल्या मासाशी मोरी यांनी रस्ते रुंद करण्यापेक्षा ट्रामवर भर दिला. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्रामची जमीन फलाटाच्या बरोबरीला येते, त्यामुळे काठी टेकत किंवा चाकाच्या खुर्चीतूनही आत जाता येते. पासष्टीच्या पुढच्या रहिवाशांसाठी एक पास आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत, उपनगरातून कितीही लांबून आले तरी, शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी शंभर येन, म्हणजे आपले साठेक रुपये, एवढेच भाडे पडते. अट एवढीच की मध्यभागी उतरायचे किंवा तिथून चढायचे. ही अट मला सवलतीपेक्षाही हुशारीची वाटते, कारण तिच्यामुळे ही मंडळी बाजारात, वाचनालयात, गर्दीत येतात. नातवंडाला सोबत घेऊन गेल्यास महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयासारख्या काही ठिकाणी दोघांनाही प्रवेश मोफत असतो. हिवाळ्यात बर्फ साचून घसरायला होऊ नये म्हणून अनेक रस्त्यांवर नळ्यांतून भूजलाचे फवारेही सोडतात.

या शहराची आणखी एक देणगी आहे. १९९३ मध्ये रुग्णालयातील नोकरी सोडलेल्या तीन परिचारिकांनी इथे ‘कोनो युबी तोमारे’ नावाचे दिवसभराचे केंद्र सुरू केले. आपल्या घरी, चटईवर मरण यावे असे म्हणणारे वृद्ध रुग्ण त्यांनी पाहिले होते. त्या काळी सरकारी अनुदान वृद्धांसाठी वेगळे, मुलांसाठी वेगळे आणि दिव्यांगांसाठी वेगळे असे. या तिघींनी एका साध्या घराच्या छताखाली सर्वांना घेतले, आणि त्यामुळे सुरुवातीला त्यांचे काम कोणत्याच रकान्यात बसेना. पुढे जिल्ह्याने आणि सरकारने नियम बदलले, आणि २०१८ पासून अशा एकत्रित सेवेला देशभर मान्यता मिळाली. याच धर्तीवरील एका केंद्रात मी अधूनमधून मदतीला जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी, ज्यांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, तिथे सहा महिन्यांच्या बाळाला इतक्या सराईतपणे खांद्यावर घेऊन ढेकर काढतात की त्या बाळाची आईसुद्धा निर्धास्त असते. कपड्यांच्या घड्या घालण्यावरून आजींमध्ये वादही होतात. कोण कोणाची काळजी घेत आहे हे पहिल्या तासात तरी नवख्या माणसाला कळत नाही. ज्येष्ठांना ‘आता तुम्ही आराम करा’ असे म्हणणे हा आपल्याकडे आदर समजला जातो, पण त्यांच्या हातचे काम काढून घेण्याची ती सभ्य रीत आहे, असे मला हल्ली वाटू लागले आहे.

जपानचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये या देशात ७६ हजारांहून अधिक माणसे घरात एकटी असताना मरण पावली, आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक पासष्टीच्या पुढची होती. माणसांची इतकी वानवा असल्यामुळेच इथे व्यवस्था उभारावी लागली.

नागपुरात माणसांची वानवा नाही. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, विचारपूस करणारी दहा घरे आहेत. तरीही सासूबाई आठवडेच्या आठवडे फाटकाबाहेर पडत नाहीत, आणि त्याची कारणे अगदी क्षुल्लक दिसतात. फूटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, आणि वाटेत टेकायला जागा नसते. बाजारात स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने त्या बाहेर जायचे असले की पाणीच कमी पितात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीपार जातो, म्हातारपणी तहानेची जाणीव मुळात मंदावलेली असते, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर हे कमी पाणी पिणे जिवावर बेतू शकते. सवलती नाहीत असेही नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे बाबा रामटेकला फुकट जाऊ शकतात, मात्र ती सवलत शहर बसला लागू नसल्याने शहरातल्याच सीताबर्डीला नाही. मेट्रोच्या स्थानकात लिफ्ट आहे, पण त्या लिफ्टपर्यंत भरधाव गाड्यांमधून रस्ता ओलांडून जायचे कसे, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित आहे.

ते पंधरा प्रश्न मराठीत उतरवून मी बाबांना पाठवले आणि त्यांनी ते ज्येष्ठ नागरिक मंडळात वाचून दाखवले. पडण्याच्या प्रश्नावर बहुतेकांनी आधी ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि मग हळूहळू न्हाणीघरातले, गच्चीच्या जिन्यावरचे किस्से बाहेर आले. मुलांना सांगितले तर ती फिरणे बंद करतील, म्हणून ते कोणी सांगितले नव्हते. (परदेशातल्या मुलांनी फोनवर ‘जपून राहा’ म्हणताना हे ध्यानात ठेवावे.) मंडळाने दोन गोष्टी केल्या. उन्हाळ्यातली बैठक सकाळी साडेसहाला घ्यायचे ठरवले, आणि आजवर पुरुषांपुरत्याच असलेल्या या बैठकीला भजनी मंडळातील बायकांनाही बोलावले. लेआउटपासून बागेपर्यंतच्या रस्त्यावर बाके बसवावीत, असा अर्ज आता महापालिकेला जायचा आहे. मसुद्यात सासूबाईंनी स्वतः एक ओळ घालायला लावली: बाकांना पाठ आणि दोन्ही बाजूंना हात असावेत, कारण नुसत्या ओट्यावर बसता येते, पण गुडघे दुखणाऱ्याला तिथून उठता येत नाही.