मुंबई ते गुहागर किनाऱ्याने : बाइकवर वाट दाखवायला काय लावावं

आगरदांड्याच्या जेट्टीवर पाऊस धरला, तेव्हा माझ्या फोनच्या स्क्रीनवर एक टपोरा थेंब मधोमध बसला होता आणि नकाशा आपोआप लहानमोठा होत होता. स्क्रीनला पाण्याचा थेंब आणि माणसाचं बोट यांतला फरक कळत नाही. मी ओल्या हातमोज्याने तो पुसायला गेलो, तर ठरवलेला रस्ताच रद्द झाला. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी, फेरीबोट सुटायला पाच मिनिटं आणि माझ्या हातात फिरत बसलेला नकाशा. वाट दाखवायला बाइकवर काय लावावं, याचा मी खरा विचार सुरू केला तो तिथे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. मी मुलुंडहून, एक मित्र लालबागहून, दुसरा डोंबिवलीहून. भेटायचं ठिकाण पळस्पे फाटा, वेळ सकाळची साडेसहा. तिघांकडे वाट दाखवणारी तीन वेगळी साधनं होती. माझ्याकडे हँडलवर लावलेला फोन. लालबागच्या मित्राकडे बाइकसाठीच बनवलेलं वेगळं जीपीएस यंत्र, त्याच्या काकांनी परदेशातून आणलेलं. डोंबिवलीकराकडे मिटिओर ३५० आणि तिच्या मीटरशेजारचा तो वळणं दाखवणारा छोटा गोल ट्रिपर. रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०२० मध्ये ही गाडी आणली, तेव्हा ट्रिपर तिच्यासोबतच आला.

लालबागचा मित्र पळस्प्याला पाऊण तास उशिरा पोहोचला. यंत्राने त्याला सरळ शिवडीला, अटल सेतूच्या तोंडाशी नेऊन उभं केलं होतं. दुचाकीला बंदीची पाटी बघून तो फिरला आणि चेंबूर-वाशीमार्गे आला. यंत्रात गाडीचा प्रकार मोटार असाच राहून गेला होता. मुंबईतून बाइकवर निघणाऱ्याने साधन कुठलंही असो, सगळ्यात आधी हेच तपासावं. अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, जे. जे. उड्डाणपूल आणि पुणे एक्स्प्रेस-वे या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. गूगल मॅप्समध्ये भारतासाठी दुचाकीचा वेगळा पर्याय डिसेंबर २०१७ पासून आहे, तो निवडलेला आहे ना ते बघा. तरीही पुलाच्या तोंडाशी पाटी वाचाच. उपग्रहावरून मिळणाऱ्या जागेत काही मीटरचा फरक पडतो, त्यामुळे तुम्ही उड्डाणपुलावर आहात की खालच्या रस्त्यावर, हे यंत्राला नेहमी कळत नाही. जे. जे.च्या खाली उभं राहून बघितलं तर हे लगेच पटतं.

पेण, वडखळ, पोयनाडपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. अलिबाग, चौल, रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि कोर्लईच्या पुढे समुद्र उजव्या हाताला आला. काशिदला उन्हाचा कडाका लागला. आदल्या रात्रीचा पाऊस, वर स्वच्छ आकाश, आणि ऊन थेट स्क्रीनवर. अर्ध्या तासात फोन इतका तापला की स्क्रीन आपोआप मंद झाली आणि चार्जिंग थांबलं. पावसासाठी लावलेलं प्लॅस्टिकचं पाऊच उन्हात भट्टीचं काम करतं. पाऊच काढला की पावसाची भीती, ठेवला की उन्हाची. कोकणात एका दिवसात दोन्ही भेटतात.

मित्राचं यंत्र या बाबतीत भक्कम निघालं. हातमोजा घालूनही बोट चालतं, भर उन्हात स्क्रीन वाचता येते, पाऊस पडला तरी काही बिघडत नाही. गार्मिनचं झूमो, टॉमटॉमचं रायडर ही नावं या जातीची. झूमो एक्सटीची स्क्रीन साडेपाच इंची आहे. पैसे मोजायची तयारी असेल, वर्षातून तीन-चार मोठ्या मोहिमा होत असतील, लडाख-स्पिती डोक्यात असेल, तर मी याला नाही म्हणणार नाही. पण महिन्यातून एकदा शनिवारी-रविवारी कोकण किंवा नाशिक करणाऱ्या मुंबईकराने चांगल्या फोनच्या किमतीचं यंत्र घ्यावं, असं मला वाटत नाही. शिवाय त्याचे नकाशे आपण ताजे करायचे असतात. मित्राने दोन वर्षं ते केलं नव्हतं.

ट्रिपरचं काम अगदी वेगळं आहे. त्यावर नकाशा नाही, फक्त वळणाचा बाण आणि अंतर. वाट शोधतो खिशातला फोन, आणि ब्लूटूथने ती गोलात दिसते. फोन कोरडा राहतो, हादरे बसत नाहीत. सरळ महामार्गावर याहून चांगलं काही नाही. पुढे रॉयल एनफील्डच्याच हिमालयन ४५० ला नोव्हेंबर २०२३ पासून चार इंची गोल स्क्रीनवर अख्खा नकाशा आला आहे. पण तीन फाटे जवळजवळ असतील, तर नुसता बाण पुरत नाही. श्रीवर्धनच्या अलीकडे डोंबिवलीकर दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा आमच्याकडे बघून वळला.

हादऱ्यांचं मी कळकळीने सांगतो. माझ्या आधीच्या फोनचा कॅमेरा बाइकवरच गेला. एका पावसाळ्यानंतर फोटोत सगळं हललेलं यायला लागलं, दुरुस्तीवाल्याने आतला भाग बदलायला सांगितला आणि मी तो फोन कायमचा ठेवून दिला. कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बारीक हलणाऱ्या भागांवर चालते, आणि इंजिनाचे सततचे हादरे तिला सोसत नाहीत. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की ताकदवान इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन लावू नये. म्हणून हँडलवर फोन धरणारं माउंट घ्याल तर हादरे शोषणाऱ्या रबरी जोडासह घ्या. तो जोड वेगळा विकत मिळतो, आणि त्याचे पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरलो. गावातले लोक या बोटीला जंगलजेटी म्हणतात. बाइक चढवताना पुढचा ब्रेक दाबू नका, रॅम्प ओला असतो. फेरीबोटीचं एक ध्यानात ठेवा : नकाशात ‘फेरी टाळा’ ही खूण चालू असेल, तर तो तुम्हाला खाडीला वळसा घालून डोंगरातून फिरवेल. आणि ती बंद असेल, तरी फेरी त्या वेळी सुटणार आहे की नाही, यावर विसंबू नका. रात्री फेऱ्या थांबतात. दाभोळला शेवटची फेरी चुकली, तर दापोली-खेड-चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वर वळसा पडतो. आदल्या दिवशी जेट्टीवर फोन करून वेळ विचारून घ्या.

केळशीच्या अलीकडे रेंज गेली. पुष्कळांना वाटतं की रेंज गेली की जीपीएसही गेला. तसं नाही. फोन उपग्रहाचे संकेत थेट घेतो, त्याला सिम लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणि वाहतुकीची माहिती आणायला. म्हणून आदल्या रात्री घरच्या वायफायवर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा नकाशा उतरवून ठेवा. मी ऑर्गॅनिक मॅप्स या दुसऱ्या नकाशाच्या अ‍ॅपवरही तो ठेवला होता, आणि तिथे गावठाणातल्या पायवाटासुद्धा दिसत होत्या. तरी एका वाडीत चुकलोच. रस्ता एका घराच्या अंगणात संपला. अंगणात मासे वाळत घालणाऱ्या आजी म्हणाल्या, “बाळा, ही वाट आमच्या दारातच येते. तू परत फीर, चिंचेकडनं डावीकडं जा.” चिंच नकाशात नव्हती. त्या चिंचेमुळेच आम्ही आडे, आंजर्ले करत दुपारी हर्ण्याला जेवायला पोहोचलो.

दाभोळहून धोपाव्याला जाताना बोटीत मी सगळ्या साधनांची मनात बेरीज केली. दोन दिवस मी स्क्रीनकडे जितका बघत होतो, तितका रस्त्याकडे बघत नव्हतो, आणि घाटाच्या वळणावर एकदा एसटी समोर अगदी जवळ आल्यावर ते मला नीट कळलं. बाइकवर वाट ऐकायची असते, बघायची नसते. ज्या टप्प्यात मी हेल्मेटमध्ये बसवलेल्या छोट्या स्पीकरवर मराठी सूचना लावल्या, त्या टप्प्यात मी एकदाही चुकलो नाही. कानात खुपसायचे इअरफोन नकोत, मागचा हॉर्न ऐकू यायला हवा. कायद्यातही १ ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर फक्त वाट बघण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही असाच करायला परवानगी आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. घरात पडलेला जुना, पण बॅटरी बरी असलेला फोन बाइकसाठी ठेवा. त्यात सिम नको, नकाशे उतरवलेले असू द्या, इंटरनेट हवंच असेल तर रोजच्या फोनवरून हॉटस्पॉट द्या. रोजचा फोन आतल्या खिशात, कोरडा. बाइकच्या बारा व्होल्टच्या वायरिंगवरून यूएसबी चार्जर बसवून घ्या, मेकॅनिककडून फ्यूजसह, आणि इग्निशनवर चालणारा घ्या म्हणजे रात्रीत बॅटरी उतरणार नाही. पावसात चार्जिंगची केबल काढून ठेवा. आगरदांड्याला माझ्या फोनने ‘ओलावा आहे’ म्हणत चार्जिंग नाकारलं, ते पोर्ट कोरडं व्हायला दिघी पार करून दिवेआगरपर्यंत वेळ गेला. पंचावन्न टक्के बॅटरी होती म्हणून निभावलं.

परतीला गुहागर, चिपळूण, परशुराम घाट असा महामार्ग धरला. काम चालू असलेल्या पट्ट्यांत नकाशा जुना रस्ता दाखवतो आणि प्रत्यक्षात वाहनं दुसरीकडून सोडलेली असतात, तिथे पुढच्या ट्रकमागे जाणं बरं. कशेडीच्या बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, खूण थांबली तरी घाबरू नका, बाहेर आल्यावर ती आपोआप धरते.

घरी येऊन माउंट तपासलं. खालचा स्क्रू अर्धा आटा सैल झाला होता, म्हणून ॲलन की आता टाकीच्या बॅगेत कायमची ठेवली आहे, दर थांब्यावर चहा येईपर्यंत एकदा फिरवून बघतो.