कोल्डिट्झचं छप्पर आणि टोनी रोल्ट

कोल्डिट्झला गेलो ते दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या गोष्टींच्या ओढीनं. तिथे गाड्यांचा विषय निघेल असं स्वप्नातही नव्हतं. जर्मनीच्या सॅक्सनीतलं छोटंसं गाव, खाली मुल्डे नदी आणि गावाच्या डोक्यावर बसलेला भलाथोरला किल्ला, युद्धात कैद्यांचा तुरुंग झालेला. चढावरची फरसबंदी पावसानं ओली होती. दोनदा पाय सटकला.

आतल्या चौकात गाइडनं चॅपेलच्या छपराकडे बोट दाखवलं. त्याचं आढं पहारेकऱ्यांना दिसत नाही, हे टोनी रोल्ट नावाच्या इंग्रज कैद्यानं हेरलं. मग माळ्यावर, खोट्या भिंतीआड, कैद्यांनी चक्क ग्लायडर बांधलं! पलंगाच्या फळ्या, अंथरुणाचं चौकडीचं कापड, ते ताठ राहावं म्हणून शिजवलेल्या भरडधान्याची खळ. कंट्रोलच्या तारा म्हणजे किल्ल्यातलीच विजेची वायर. काँक्रीटनं भरलेला बाथटब खाली सोडायचा, त्याच्या हिसक्यानं ग्लायडर उडणार, असा बेत. एप्रिल १९४५मध्ये अमेरिकन सैन्य आलं आणि ते उडायचं राहिलंच.

रोल्ट म्हटल्यावर माझे कान टवकारले. १९५३ची ल मान्सची चोवीस तासांची मोटार शर्यत जिंकणारा? हो, तोच. डंकन हॅमिल्टनबरोबर, जॅग्वार सी-टाइपमध्ये.

पण मला विचाराल तर त्याचं खरं काम पुढचं. फ्रेडी डिक्सन या दुसऱ्या रेसरबरोबर त्यानं चारही चाकांना ताकद देण्याचे प्रयोग केले होते. मग ट्रॅक्टरवाले हॅरी फर्ग्युसन पाठीशी उभे राहिले. त्यांच्या पी ९९ गाडीनं १९६१मध्ये ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसच्या हाती शर्यत जिंकली. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीनं जिंकलेली ती फॉर्म्युला वनची एकमेव शर्यत. फर्ग्युसन त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. १९६६ची जेन्सन एफएफ ही रस्त्यावरची गाडीही त्याच तंत्राची. जेमतेम ३२० बनल्या.

१९७१मध्ये रोल्टनं स्वतःची एफएफ डेव्हलपमेंट्स ही कंपनी काढली. तिचं नाव झालं व्हिस्कस कपलिंगमुळे. डब्यात सिलिकॉनचं घट्ट द्रव आणि चकत्यांची चळत. पुढची किंवा मागची चाकं घसरून जास्त फिरू लागली की चकत्यांचा वेग जुळेनासा होतो, द्रव त्यांना धरून ठेवतं आणि ताकद दुसऱ्या जोडीला जाते. ड्रायव्हरला लिव्हर ओढावा लागत नाही. १९८०च्या एएमसी ईगल या अमेरिकन गाडीत हेच होतं.

मी मान वर करून आढ्याकडे बघत राहिलो. गाइड मात्र केव्हाच फ्रेंच कैद्यांच्या भुयाराकडे निघाला होता.