सुपरमॅनचा बाप, व्हाया नळ स्टॉप

सुपरमॅनचा नवा सिनेमा मी सोलापुरातही बघू शकलो असतो. पण माझ्या मामांना १९७८ नंतरचा एकही सुपरमॅन मान्य नाही आणि त्यांच्या नातीला, इराला, २०१३ च्या आधीच्यांशी काही घेणंदेणं नाही. या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून सिनेमा बघायची संधी सोडवेना. जुलै २०२५ मधल्या एका शनिवारी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. भिगवणपर्यंत झोप, दौंडला चहा, पुढे पावसाची भुरभुर.

पुणे स्टेशनवर उतरलं की पूर्वी रिक्षावाल्याशी घासाघीस हा प्रवासाचा अटळ भाग होता. आता मेट्रो थेट नळ स्टॉपला सोडते. मुठेच्या काठाने जाताना वरून नदी दिसते, संभाजी उद्यान स्टेशनाचं पगडीच्या घाटाचं छप्पर दिसतं, आणि आपण पुण्यात आहोत याची खात्री पटते, कारण डब्यात कोणीतरी कोणालातरी दाराशी उभं राहू नये हे समजावून सांगत असतं.

मामा छत्री घेऊन स्टेशनाखाली उभे होते. घरी न नेता त्यांनी मला आधी लॉ कॉलेज रोडने चालवलं. हा रस्ता सिनेमावाल्यांची पंढरी. १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यात आली, तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच रस्त्यावर.

इन्स्टिट्यूटच्या फाटकासमोर मामा थांबले. ‘‘तुमच्या त्या सुपरमॅनला उडवायला अमेरिकेला किती वर्षं लागली?’’

तसा हिशोब मला पाठ आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये तो कॉमिकमध्ये आणला तेव्हा तो उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. १९४८ च्या मालिकापटात कर्क अलिन सुपरमॅन झाला, पण उडायची वेळ आली की पडद्यावरच्या माणसाचं चक्क कार्टून व्हायचं. माणूस खरोखर उडतोय असं वाटायला १९७८ उजाडावं लागलं.

‘‘आणि इथे १९३६ ला तुकोबा गरुडाच्या पाठीवर बसून वैकुंठाला गेले. आमच्या फाळक्यांनी तर १९१७ लाच हनुमान उडवला होता,’’ मामा विजयी मुद्रेने म्हणाले.

हा युक्तिवाद पुणेरी आहे, पण पोकळ नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधलं ते विमान आज बघताना त्यातली युक्ती कळते, तरी दृश्य पकडून ठेवतं. कारण तुकोबा वर जातात आणि आवली खाली राहते. नवरा वैकुंठाला बोलावतोय आणि हिला घरच्या पोरांच्या पोटाची पडलीय. उडणाऱ्याचा सिनेमा जमला की फसला, ते जमिनीवर राहिलेल्या माणसांवर ठरतं. सुपरमॅनच्या बाबतीत तो माणूस म्हणजे कॅन्ससमधला शेतकरी जोनाथन केंट, त्याला वाढवणारा बाप. पुढचे दोन दिवस आम्ही तिघं याच माणसावरून भांडलो.

शनिवारी दुपारी घरी वरण-भात-लिंबू झाल्यावर मामांनी रिचर्ड डोनरचा १९७८ चा सिनेमा लावला. ख्रिस्तोफर रीव्हचं कौतुक नेहमी त्याच्या उडण्यासाठी होतं. मला तो जमिनीवर जास्त आवडतो. त्याची प्रेयसी, वार्ताहर लोइस, हिच्या घरात एक क्षण आहे. ती आतल्या खोलीत गेलीय, बाहेर क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, चष्मा काढतो, खांदे सरळ करतो, आवाज खाली आणतो, आणि तेवढ्या अवकाशात दुसराच माणूस उभा राहतो. मग धीर सुटतो आणि तो पुन्हा पोक काढतो. ना ट्रिक फोटोग्राफी, ना तारा. चष्मा घातला की ओळखू येत नाही, या कॉमिकमधल्या जुन्या थापेवर विश्वास ठेवायला लावणारा हा एकच नट.

पण मामांचा आवडता प्रसंग निराळा. तरुण क्लार्क आगगाडीच्या पुढे धावून घरी येतो, बाप त्याला सांगतो की तू इथे कशासाठी तरी आला आहेस, आणि पुढच्या काही पावलांत हृदयविकाराने कोसळतो. दफनाच्या वेळी पोरगा म्हणतो, एवढ्या शक्ती असून मी त्यांना वाचवू शकलो नाही. मामा इथे दर वेळी चष्मा पुसतात.

माझी तक्रार पुढे आहे. हाच सिनेमा शेवटी लोइसला मारतो आणि सुपरमॅन पृथ्वीभोवती उलटा फिरून काळ मागे नेतो. बापाच्या मरणापुढे हात टेकलेले, मग प्रेयसीसाठी नियम बदलला कसा? इराने वेगळीच हरकत घेतली, ‘‘आबा, पृथ्वी उलटी फिरवून वेळ मागे जात नाही.’’

‘‘रेड्याने वेद म्हटले ते चालतं तुला?’’

‘‘ते मी तरी कुठे म्हटलं चालतं म्हणून?’’

भांडण पिकतंय असं बघून मी दोघांना बाहेर काढलं. कॅम्पात गेलो. ईस्ट स्ट्रीटवर व्हिक्टरी थिएटर आहे, पूर्वीचं कॅपिटॉल. १९४३ मध्ये क्रांतिकारकांनी इथे बॉम्बस्फोट केला होता, हे मामांनी सांगितलं तेव्हा इराने पहिल्यांदाच मोबाइलमधून मान वर काढली. मामांनी सुपरमॅन पाहिला तो कॅम्पातच, कॉलेज बुडवून. इंग्रजी संवाद निम्मे कळले नव्हते म्हणे, जॉन विल्यम्सचं संगीत मात्र सायकलवरून परत येताना शिट्टीवर वाजत होतं. मधल्या काळातल्या बाकी मंडळींवर त्यांनी रस्त्यातच निकाल दिला. १९८७ च्या आपल्या हिंदी अवतारात पुनीत इस्सर सुपरमॅन आणि धर्मेंद्र क्रिप्टॉन या जन्मग्रहावरचा बाप, त्यावर ते फक्त हसले. २००६ चा ब्रँडन राउथ म्हणजे रीव्हची झेरॉक्स. त्या बिचाऱ्याबद्दल मलाही फार काही म्हणायचं नाही.

रात्री इराची पाळी. झॅक स्नायडरचा २०१३ चा ‘मॅन ऑफ स्टील’. हेन्री कॅव्हिल दिसतो देवासारखा, आणि अडचणही तीच आहे. पाण्यात पडलेल्या शाळेच्या बसमधून पोरगा मुलांना वाचवतो आणि विचारतो, मग काय मरू द्यायचं होतं? केविन कॉस्टनरचा जोनाथन म्हणतो, कदाचित. पुढे चक्रीवादळात कुत्र्याला सोडवायला गेलेला बाप अडकतो. पोरगा क्षणात आणू शकतो. बाप हात वर करून थांबवतो, पोरगा थांबतो.

‘‘असला कसला बाप!’’ मामा उठून पाणी प्यायला गेले.

इराचं म्हणणं मला मात्र विचारात पाडणारं वाटलं. ‘‘आबा, तुमच्या सिनेमात तो वाचवूच शकत नव्हता. इथे शकत होता आणि बाबांचं ऐकलं. जास्त त्रास कोणाला होईल?’’ मुद्दा बिनतोड. १९७८ च्या पोराला दुःख आहे, २०१३ च्या पोराला दुःख आणि अपराधीपण दोन्ही. फक्त स्नायडरला त्या अपराधाचं करायचं काय हे सुचत नाही. शेवटचा तासभर शहर पाडण्यात जातो. खलनायक झॉडची मान मोडून सुपरमॅन किंचाळतो तेव्हा खाली किती माणसं गाडली गेली याची चौकशीही होत नाही.

रविवारी दुपारी कोथरूडच्या मल्टिप्लेक्समध्ये जेम्स गनचा नवा ‘सुपरमॅन’. (इथून पुढे कथा उघड होते.) पार्किंगचे पैसे आणि पॉपकॉर्नचे पैसे यावर मामांचं भाष्य गाळतो. डेव्हिड कोरेनस्वेट हा रीव्हसारखाच अमेरिकेतल्या जुलियार्ड या कलाशाळेत शिकलेला नट. रीव्हचा मुलगा विलही वार्ताहर म्हणून झळकून जातो, मामांना मी कोपराने ढोसून दाखवला. राक्षसी प्राणी शहरात धुमाकूळ घालतोय आणि हा एक खार उचलून बाजूला ठेवतो. ‘‘रीव्हनेही झाडावरचं मांजर उतरवलं होतं,’’ मामा अंधारात मोठ्याने म्हणाले. मागून ‘शूऽऽ’ आलं. आपल्या सेन्सॉरने चुंबन कापलंय, तिथे दृश्य अडखळतं ते इराने लगेच पकडलं.

पण खरा बदल बापात आहे. इथे जोनाथन केंट मरतच नाही. जाड, गावरान, बोलताना गहिवरणारा म्हातारा. जन्मदात्यांनी आपल्याला पृथ्वीवर राज्य करायला पाठवलं होतं, असा निरोप उलगडल्यावर क्लार्क मोडून पडतो, तेव्हा हा त्याच्यापाशी बसून सांगतो की आईबापाने पोराला काय व्हायचं ते सांगायचं नसतं, तुझी निवड तुझी. सुपरमॅनला घडवायला बापाला मारायची गरज नाही, हे कळायला पडद्याला एवढी वर्षं लागली. मला तिन्हींत हा बाप सर्वांत पटला. आणि मामा पुन्हा चष्मा पुसत होते, ते मी बघितलं. त्यांनी पावसाचं कारण सांगितलं. थिएटरमध्ये.

बाहेर आल्यावर वडापावच्या गाडीपाशी मी माझी एक तक्रार मांडली. गनच्या सिनेमात कचेरीतला क्लार्क केंट फारच थोडा आहे. लोइसला गुपित आधीच ठाऊक, त्यामुळे तिने त्याची घरात घेतलेली मुलाखत झकास रंगते, दोघं खरोखरीचं भांडतात. पण चष्म्यामागचा तो भित्रा माणूस कोरेनस्वेटला करायला मिळतच नाही. रीव्हशी तुलना करायची तर ती अर्धीच होते.

‘‘पुढच्या भागात येईल तो,’’ इरा म्हणाली.

‘‘बघू,’’ मामा म्हणाले. ‘‘पण तो बाप जिवंत राहिला पाहिजे. नाहीतर मी येणार नाही.’’